खोके उघडले म्हणून हक्क संपत नाही
विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची परतफेड आणि दुकानदाराची कपात

मुंबईहून कल्याणकडे जाताना ठाणे, कळवा, मुंब्रा ही स्थानके मागे पडली की दिवा जंक्शन लागते. येथून एक फाटा पनवेलमार्गे कोकणाकडे जातो, तर दुसरा भिवंडीवरून वसईस मिळतो. दातिवली, आगासन, बेतवडे, साबे या जुन्या गावांच्या शिवारात वाढलेले हे उपनगर आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असून मुंबई-ठाण्यात नोकरी करणाऱ्या मर्यादित उत्पन्नाच्या असंख्य कुटुंबांचे ते वसतिस्थान आहे. अशा कुटुंबात दूरचित्रवाणी संच, मोबाइल किंवा धुलाई यंत्र यांची खरेदी ही सहज होणारी गोष्ट नसते. तिच्यामागे काही महिन्यांची बचत असते, नाही तर पुढील वर्षभराचे हप्ते तरी असतात.

ही खरेदी तीन वाटांनी होते. काही जण स्थानकालगतच्या दुकानातून वस्तू घेतात. काही जण कामावरून परतताना ग्रँट रोडजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, घासाघीस करून माल घेतात आणि लोकलच्या मालडब्यातून घरी आणतात. अलीकडच्या काळात तिसरी वाट रुळली आहे. मोबाइलवरून मागणी नोंदवायची आणि माल दारात घ्यायचा. ज्या गोदामांतून असा माल निघतो त्यांपैकी कित्येक गोदामे खाडीपलीकडे भिवंडी परिसरातच आहेत. वाट कोणतीही असो, खोके उघडले जाते ते घरात, आणि वाद उत्पन्न होतो तोही तेथूनच. संचाच्या पडद्यावर रेघ दिसते, मोबाइलचा ध्वनिक्षेपक खरखरतो, किंवा जाहिरातीत सांगितलेली सोय वस्तूत मुळातच नसते. ग्राहक दुसऱ्या दिवशी दुकानात जातो तेव्हा त्यास उत्तर मिळते, “सील तुटले आहे, माल परत होणार नाही.” फार आग्रह धरल्यास, “घेऊ, पण वीस टक्के कापू.”

या कपातीस व्यापारात ‘रिस्टॉकिंग चार्ज’ म्हणतात. परत आलेली वस्तू पुन्हा तपासून, बांधून, साठ्यात ठेवण्याचा आकार असा तिचा अर्थ. ती केव्हा न्याय्य असते आणि केव्हा नसते याचे उत्तर सील तुटले आहे की नाही यावर मुळीच अवलंबून नाही. ते ग्राहक वस्तू कोणत्या कारणाने परत करीत आहे यावर अवलंबून आहे. हा भेद दुकानदार आणि ग्राहक या दोघांच्याही ध्यानात नसल्यामुळे बहुतेक तंटे वाढतात.

स्वीकृती म्हणजे काय?

या प्रश्नाचे मूळ १९३० च्या मालविक्री अधिनियमात सापडते. नव्वद वर्षांहून अधिक जुना हा कायदा आजही अमलात असून त्याची भाषा या बाबतीत आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट आहे. खरेदीदाराने आधी न तपासलेला माल त्यास दिला गेला असेल, तर करारानुसार तो आहे की नाही हे पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानता येत नाही, असे त्याचे कलम ४१ सांगते. पुढील कलमात स्वीकृती केव्हा होते ते दिले आहे. खरेदीदार तसे कळवतो तेव्हा, मालक असल्याप्रमाणे मालाची विल्हेवाट लावतो तेव्हा, किंवा नकार न कळवता वाजवी काळ लोटेपर्यंत माल आपल्याकडे ठेवून घेतो तेव्हा.

आता बंद खोक्यातील मोबाइलचा विचार करावा. खोके न उघडता आणि उपकरण चालू न करता ते ठीक आहे की नाही हे कोणास कळणार? दुकानातील काचेच्या कपाटात मांडलेला नमुना वेगळा आणि घरी नेलेला नग वेगळा. तेव्हा सील तोडणे ही तपासणीची पहिली पायरी होय. ती स्वीकृती नव्हे. धान्याच्या पोत्याला शिगा लावून नमुना काढणारा व्यापारी पोते फाडले म्हणून ते गळ्यात पडले असे कधी मानीत नाही, हे कोणत्याही बाजार समितीत पाहावयास मिळते.

मात्र याच कलमांत ग्राहकावरील जबाबदारीही दडलेली आहे. ‘वाजवी काळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सणात घेतलेला संच खोक्यातच ठेवून दोन महिन्यांनी उघडणाऱ्याची, किंवा दोष दिसल्यावरही तो महिनाभर वापरीत राहणाऱ्याची बाजू दुबळी होते. अशा ग्राहकास नुकसानभरपाई मागता येते. परंतु संपूर्ण माल नाकारण्याचा हक्क बव्हंशी हातचा जातो. म्हणून दोष दिसताच त्याच दिवशी लेखी कळविणे आवश्यक असते. मोबाइलवरील लेखी संदेश, ई-मेल किंवा दुकानात देऊन पोच घेतलेले साधे पत्र यांपैकी काहीही चालते. याच कायद्याच्या कलम ४३ नुसार, अन्य काही ठरले नसल्यास, माल योग्य कारणाने नाकारणाऱ्या खरेदीदारावर तो विक्रेत्याकडे पोहोचविण्याचे बंधन नसते; नाकारल्याचे कळविणे पुरेसे असते. बत्तीस इंची संच उराशी धरून गर्दीच्या वेळी दिव्याहून ग्रँट रोडला जाण्याची ज्यांच्यावर पाळी आली असेल त्यांना या कलमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

सदोष वस्तू: कपात शून्य

वस्तू सदोष असेल, अथवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर कपातीचा प्रश्नच उद्भवत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा दिनांक २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितले आहे. सदोष माल परत घेण्यास आणि त्याची किंमत परत करण्यास नकार देणे ही त्यांपैकी एक प्रथा होय. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत, ही परतफेड झाली पाहिजे. बिल अथवा पावती न देणे हीदेखील त्याच कलमानुसार अनुचित प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य बिलाच्या तळाशी कितीही ठळक छापले, तरी सदोष मालाच्या बाबतीत ते या तरतुदीवर मात करू शकत नाही.

“आमच्याकडे नको, कंपनीच्या सेवा केंद्रात जा” असे सांगण्याचा प्रघातही मोठा आहे. नवीन वस्तू पहिल्याच दिवशी बंद पडली तर सेवा केंद्राकडून तसा दाखला आणावा, मग बदलून देऊ, अशी अनेक उत्पादकांची पद्धत आहे. असा दाखला मिळविणे ग्राहकाच्याच हिताचे असते, कारण पुढे वाद आयोगापुढे गेल्यास सेवा केंद्राचा कामाचा कागद हा दोषाचा चांगला पुरावा ठरतो. परंतु त्यामुळे विक्रेता मोकळा होत नाही. पैसे त्याने घेतले, बिल त्याच्या नावाचे आहे, म्हणजे करार त्याच्याशी झालेला आहे. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करणे श्रेयस्कर असते, अन्यथा एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवीत राहतो.

दुसरी सबब कराची सांगितली जाते. “वस्तू व सेवा कर भरून टाकला, आता बिल रद्द होत नाही,” असे ग्राहकास सांगितले की तो गप्प बसतो. वास्तविक केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ मध्ये परत आलेल्या मालासाठी क्रेडिट नोट काढण्याची सोय आहे. तिच्या आधारे विक्रेत्यास आपले करदायित्व कमी करून घेता येते. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, अथवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असल्यास त्या तारखेपर्यंत, ती विवरणपत्रात दाखविता येते. आठवड्याभरात परत आलेल्या मोबाइलच्या बाबतीत ही सबब टिकणारी नाही.

मन बदलले तर?

वस्तू निर्दोष आहे, वर्णनाप्रमाणे आहे. पण रंग आवडला नाही, भावाने दुसरी घेतली, किंवा पैशाची निकड निर्माण झाली. अशा वेळी भारतातील दुकानातून घेतलेली वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क ग्राहकास नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. युरोपीय संघात २०११ च्या निदेशान्वये दूरस्थ खरेदीसाठी चौदा दिवसांत विनाकारण करार रद्द करण्याची मुभा आहे. वस्तूचे स्वरूप व कार्य पाहण्यासाठी आवश्यक तेवढी हाताळणी तेथे मान्य असून, त्याहून अधिक वापरामुळे किंमत घटली तर तेवढाच भार ग्राहकावर पडतो. अमेरिकेत हा विषय मुख्यतः दुकानांच्या धोरणावर सोपविलेला दिसतो. तेथील ‘बेस्ट बाय’ या मोठ्या साखळी दुकानाने उघडलेल्या वस्तूंवरील पंधरा टक्क्यांपर्यंतची कपात डिसेंबर २०१० मध्ये बहुतेक वस्तूंपुरती बंद केली होती. आपल्याकडे मन बदलल्याच्या प्रकरणी जे काही मिळते ते दुकानदाराच्या जाहीर केलेल्या धोरणामुळे किंवा त्याच्या सौजन्यामुळे.

येथे दुकानदाराची बाजूही समजून घेणे न्यायाचे होईल. उघडलेला मोबाइल तो नवा म्हणून विकू शकत नाही. जुनी, दुरुस्त केलेली अथवा वापरलेली वस्तू नवी आहे असे भासविणे हीदेखील कलम २(४७) नुसार अनुचित प्रथाच आहे. काही उपकरणांची वॉरंटी ती प्रथम चालू केल्याच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे पुढच्या ग्राहकास ती तितकी कमी मिळते. लहान दुकानदाराचा अशा वस्तूवरील नफा बेताचाच असतो. तेव्हा निर्दोष वस्तू परत घेताना त्याने आपला खरा तोटा भरून मागितला तर त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, कापलेली रक्कम हा खरा तोटा आहे काय?

एक हिशोब मांडून पाहू. मोबाइलची करपूर्व किंमत १०,००० रुपये, अठरा टक्के दराने कर १,८०० रुपये, एकूण बिल ११,८०० रुपये. दुकानदार एकूण बिलावर वीस टक्के, म्हणजे २,३६० रुपये कापतो. करपूर्व किमतीवर हिशोब केला असता तर हीच कपात २,००० रुपये झाली असती; वरचे ३६० रुपये केवळ कराच्या रकमेवर लावलेल्या टक्केवारीतून आले. तोच मोबाइल दुकानदाराने ‘उघडलेले खोके’ असे सांगून करपूर्व ९,३०० रुपयांस विकला, तर त्याचा उघड तोटा ७०० रुपयांचा होतो. तपासणी व बांधणी यांचे १०० रुपये धरले तरी बेरीज ८०० होते. बाकीची रक्कम कोणत्या नावाखाली ठेवून घ्यावयाची याचे उत्तर त्याच्यापाशी असले पाहिजे. आणि तोच मोबाइल पुन्हा सील चिकटवून नवा म्हणून पूर्ण किमतीस विकला, तर पहिल्या ग्राहकाकडून कपात आणि दुसऱ्याची फसवणूक असा दुहेरी लाभ होतो. असे घडते का, याकडे वैधमापन व ग्राहक संरक्षणाशी संबंधित यंत्रणांनी लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

कायद्याचा कलही असाच आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ अन्वये करारभंगासाठी एखादी रक्कम आधी लिहून ठेवलेली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना आणली असून, झालेल्या हानीशी सर्वथा विसंगत असा दंड ग्राहकावर लादणारी अट तीत मोडते. मात्र अन्यायकारक करार म्हणून स्वतंत्र दाद मागावयाची असल्यास ती जिल्हा आयोगाकडे मागता येत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. हजार-दोन हजारांच्या कपातीसाठी हा मार्ग कोणी चोखाळील असे वाटत नाही. म्हणूनच कपातीची अट विक्रीपूर्वी दिसेल अशा रीतीने लिहिलेली होती काय, हा प्रश्न व्यवहारात अधिक उपयोगाचा ठरतो. माल परत नेल्यावर प्रथमच उच्चारलेली टक्केवारी कराराचा भाग होऊ शकत नाही.

दारात आलेला माल

मोबाइलवरून मागविलेल्या मालासाठी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू आहेत. माल सदोष, बनावट अथवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्यास तो परत घेण्यास नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या अटळ कारणाने झालेला उशीर तेवढा अपवाद. मागणी रद्द केल्याबद्दल ग्राहकाकडून आकार घ्यावयाचा असेल, तर कंपनीने आपणहून मागणी रद्द केल्यास तिनेही तसाच आकार सोसला पाहिजे, ही तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे असेही हे नियम सांगतात.

महागड्या वस्तूंच्या बाबतीत खोके दारातच उघडून दाखविण्याची पद्धत काही कंपन्यांनी सुरू केली आहे. ग्राहकाने सांकेतिक क्रमांक दिला की माल ठीक मिळाल्याची नोंद होते. माल आणणाऱ्यास घाई असते, जिन्यात अंधार असतो, घरात वृद्ध आईखेरीज कोणी नसते, आणि क्रमांक दिला जातो. पुढे पडदा फुटलेला आढळल्यास या नोंदीविरुद्ध झगडावे लागते. वस्तू चालू करून पाहिल्यावाचून क्रमांक न देणे हाच यावरील उपाय. खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण आणि खोक्यावरील व उपकरणावरील अनुक्रमांकांची छायाचित्रे हाताशी असल्यास वस्तू बदलल्याचा आरोप ग्राहकावर येऊ शकत नाही. मोबाइल परत देताना त्यातील खाती बंद करून सर्व माहिती पुसून टाकावी. एक तर ती परक्या हाती जाण्याचा धोका, शिवाय खाते चालू राहिलेले उपकरण विक्रेता नाकारतो.

हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचा गुंता निराळा आहे. वस्तू दुकानदाराने परत घेतली तरी कर्ज देणाऱ्या संस्थेचा हप्ता आपोआप थांबत नाही, कारण तो करार वेगळा. दुकानातून परतीचा कागद मिळताच त्याची प्रत त्या संस्थेस पाठवून कर्ज रद्द झाल्याचे लेखी उत्तर घ्यावे लागते. हे न केल्यामुळे, वस्तू घरात नसताना खात्यातून पैसे वळते होत राहतात आणि खात्यात शिल्लक नसली तर दंड वेगळा.

दिव्याहून ठाण्यापर्यंत

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने अस्तित्वात आला. त्या कायद्यात एक मोठी अडचण होती. तक्रार विरुद्ध पक्ष जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे करावी लागे. लॅमिंग्टन रोडवर खरेदी करणाऱ्या दिव्याच्या ग्राहकास म्हणून मुंबईच्या मंचाकडे खेटे घालणे प्राप्त होते, आणि एका दिवसाचा रोजगार बुडवून प्रत्येक तारखेस जाणे कोणाला परवडणार? २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागण्याची मुभा दिली. आता माल मुंबईतून आलेला असो वा बंगळुरूच्या कंपनीने पाठविलेला असो, दिव्याच्या रहिवाशास आपल्या ठाणे जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.

मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि ती पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करण्याची सोय आहे. दोष केवळ डोळ्यांनी ठरविता येण्याजोगा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क मात्र प्रथम तक्रारदारास भरावे लागते, हे आधीच जाणून असावे. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि भरपाई असे आदेश आयोग देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, अथवा पंचवीस हजारांपासून एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावरच नमते घेतात. परंतु साहाय्य क्रमांक आदेश देऊ शकत नाही आणि तेथे गेलेल्या काळामुळे दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

शाळा व ग्रामपंचायतींनीही या तरतुदींकडे आपल्या खरेदीच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. लोकवर्गणीतून घेतलेला शाळेचा संच उन्हाळी सुटीत आला आणि खोके जूनमध्ये उघडले, तर तपासणीचा वाजवी काळ निघून गेल्याचा आक्षेप येणारच. माल आल्या दिवशी दोन साक्षीदारांसमक्ष खोके उघडून, संच चालवून, साठा नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद करणे हे मुख्याध्यापकांचे वा ग्रामसेवकांचे काम ठरते. आणि पुरवठ्याच्या आदेशातच ‘सदोष माल विनाकपात परत’ अशी ओळ घालण्यास कोणाच्याही परवानगीची गरज पडत नाही. दुकानांतील ‘माल परत नाही’ या फलकांचा विषय जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेपुढे मांडता येतो. जिल्हाधिकारी या परिषदेचे अध्यक्ष असतात. ज्या दुकानदारास कपात घ्यावयाची असेल त्याने कोणत्या कारणासाठी, किती दिवसांत आणि किती रुपये, हे त्याच फलकावर मराठीत लिहावे, अशी सूचना परिषदेमार्फत व्यापारी संघटनांना देता येईल.